परक्या हातचे अन्न : उपाहारगृहातील खूनकथेचा ऐतिहासिक विचार

१

रहस्यकथेकडे आपल्या विद्यापीठीय अभ्यासात आजवर फारसे गांभीर्याने पाहिले गेलेले नाही. फिरत्या वाचनालयाचा आणि आगगाडीच्या प्रवासाचा हा वाङ्मयप्रकार. त्याचे कार्य वेळ घालविणे एवढेच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रकाराकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. ज्या गोष्टीचे भय समाजाला उघडपणे बोलून दाखविता येत नाही, ती गोष्ट तो करमणुकीच्या रूपाने पुनःपुन्हा ऐकत असतो. अशी भये कोणती होती व ती केव्हा बदलली, हे समजून घेण्यास रहस्यकथा हे एक विश्वसनीय साधन ठरते.

प्रस्तुत लेखात या वाङ्मयाच्या एका लहानशा शाखेचा विचार करावयाचा आहे. जेथे खून अन्नातून किंवा अन्नाच्या सान्निध्यात होतो आणि घटनास्थळ एखादे सार्वजनिक उपाहारगृह असते, अशा कथांची ही शाखा होय. ती प्रामुख्याने इंग्लंड व अमेरिका या देशांत वाढली असल्याने विवेचनाचा मोठा भाग तेथील ग्रंथांसंबंधी आहे. मात्र तिच्या मुळाशी असलेला प्रश्न त्या देशांपुरता मर्यादित नाही. जेवणारा मनुष्य आपला जीव दुसऱ्याच्या हाती देतो. हा दुसरा बहुधा त्याच्याहून गरीब असतो आणि जेवणाऱ्याने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलेलेही नसते. अन्नात विष आढळले की संशय प्रथम कोणावर जातो व त्याची साक्ष कोण ऐकून घेतो, हा तो प्रश्न होय. या बाबतीत प्रत्यक्ष इतिहास एका दिशेने गेला आणि कथावाङ्मय नेमके उलट दिशेने गेले, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२

अन्नातील विषाची चिंता फार प्राचीन आहे; पण प्रारंभी ती राजाची चिंता होती. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात राजाच्या आत्मरक्षणाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. राजाचे महानस सुरक्षित जागी असावे, सिद्ध झालेले अन्न आधी चाखून पाहावे, ते अग्नीला व पक्ष्यांना अर्पण करून मगच राजाने सेवन करावे, असे तेथे सांगितले आहे. विषयुक्त अन्नाने ज्वाळेचा व धुराचा रंग पालटतो, अग्नी तडतडतो, पक्षी मरतात, अशी लक्षणेही दिली आहेत. त्यापाठोपाठ विष घालणाऱ्या माणसाची लक्षणे येतात. त्याचे तोंड सुकते, वाणी अडखळते, त्याला घाम व कंप सुटतो, तो ठेचाळतो आणि एका जागी स्थिर राहत नाही. संशयिताच्या देहावरून अपराध वाचण्याचा हा आपल्याकडील एक अतिशय जुना प्रयत्न म्हणावा लागेल.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील पहिला अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. महानसाचा अधिकारी, तेथील वैद्य, आचारी व सेवक कसे असावेत याचे वर्णन करून संहिताकार विष देणाऱ्याची लक्षणे सांगतो. विचारलेल्या प्रश्नाला तो उत्तर देत नाही, बोलताना गोंधळतो, उगाच जमीन उकरतो, अशी ती यादी आहे. परंतु या यादीनंतर सुश्रुताने जी पुस्ती जोडली आहे ती या लेखाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. राजाच्या भयाने किंवा त्याच्या आज्ञेच्या घाईने गोंधळून गेलेले सज्जन सेवकही कधी कधी दुर्जनांसारखी चेष्टा करतात, असे तो बजावतो. तेव्हा केवळ मुद्रेवरून निर्णय न करता सेवकांची परीक्षा करावी, असा त्याचा अभिप्राय आहे. भ्यालेला माणूस आणि अपराधी माणूस वरून सारखेच दिसतात, हा इशारा वैद्याने दिला. पुढील अनेक शतकांतील न्यायाधीशांना मात्र तो नेहमी स्मरला असे दिसत नाही.

३

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडात ही चिंता राजाच्या मुदपाकखान्यातून मध्यमवर्गीय गृहस्थाच्या स्वयंपाकघरात उतरली. याचे कारण सोमल होय. उंदीर मारण्यासाठी तो कोणासही स्वस्तात विकत मिळे. तो पांढरा असल्याने पिठात किंवा साखरेत ओळखू येत नसे. त्याला म्हणण्यासारखी चव नसे. आणि त्याने होणारे वांती व अतिसार हे पटकीच्या लक्षणांशी मिळतेजुळते असत.

इ. स. १८१५ च्या मार्च महिन्यात लंडनमधील चॅन्सरी लेन येथे टर्नर नावाच्या कुटुंबातील माणसे उकडलेल्या कणकेचे गोळे खाऊन एकाएकी आजारी पडली. ते गोळे त्यांची तरुण स्वयंपाकीण एलायझा फेनिंग हिने केले होते. सोमल घालून ठार मारण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप तिच्यावर ठेवण्यात आला. तिने स्वतःही तेच अन्न खाल्ले होते व तीही आजारी पडली होती. आणि आजारी पडलेल्यांपैकी एकही माणूस दगावला नव्हता. तरी एप्रिलमध्ये तिला दोषी ठरविण्यात आले. त्या काळच्या कायद्यानुसार विषप्रयोगाच्या प्रयत्नासही देहान्त शिक्षा होती. २६ जुलै १८१५ रोजी तिला फाशी देण्यात आले. पुराव्यात एका वैद्याची साक्ष होती. ते गोळे कापलेल्या सुऱ्या काळ्या पडल्या होत्या, हे त्याने सोमलाचे लक्षण म्हणून सांगितले होते. हा तर्क रसायनशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा होता. तिच्या अंत्ययात्रेस हजारो लोक लोटले आणि विल्यम होन या प्रकाशकाने तिची बाजू मांडण्यासाठी हा खटला छापून लोकांपुढे ठेवला. परंतु स्वयंपाकघरात विष आढळले की स्वयंपाकीण अपराधी, या गृहीतकाने आपले काम तोवर केले होते.

अशा खटल्यांतील अनिश्चितता दूर करण्याचे श्रेय जेम्स मार्श या रसायनज्ञाकडे जाते. १८३२ मध्ये कॉफीतून सोमल दिल्याच्या एका खटल्यात त्याने सिद्ध केलेला पुरावा न्यायालयात दाखवीपर्यंत बिघडून गेला व आरोपी सुटला. या अनुभवाने अस्वस्थ होऊन त्याने १८३६ साली आपली प्रसिद्ध कसोटी जाहीर केली. संशयित पदार्थातील सोमल वायुरूपाने मुक्त करून तप्त काचेवर त्याचा चकचकीत काळसर थर बसविण्याची ही रीत होती. पुढे १८५१ साली ब्रिटिश संसदेने सोमलाच्या विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंदवही ठेवून खरेदीदाराची सही घेणे आणि किरकोळ विक्रीचा सोमल काजळी किंवा नीळ मिसळून रंगविणे बंधनकारक झाले. नजरेस न पडणाऱ्या विषाला रंग देणे, हा या भयावरील शासकीय उपाय होता.

गृहस्थाच्या स्वयंपाकघरातील विषाची कथा डोरोथी सेयर्स हिच्या १९३० सालच्या ‘स्ट्राँग पॉयझन’ या कादंबरीत पूर्णत्वास पोहोचली. तेथे फासाच्या छायेत उभी असलेली स्त्री निर्दोष असते आणि खरा अपराधी एक प्रतिष्ठित वकील असतो. त्याने सोमल घातलेले ऑम्लेट पाहुण्याबरोबर स्वतःही खाल्लेले असते, कारण अल्प मात्रा घेत घेत त्याने ते पचविण्याची सवय आधीच करून घेतलेली असते. स्वतः खाल्ले म्हणून निर्दोष, या तर्काने जो लाभ एलायझा फेनिंगला मिळाला नाही, तो वकिलाला मात्र सुखाने मिळत होता. सेयर्सच्या मनात हा विरोध होता की नाही हा प्रश्न वेगळा. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले असता तो लपत नाही.

४

आपल्या प्रांताशी निकटचा संबंध असलेले एक प्रकरण येथे घेणे आवश्यक आहे. बडोदे येथील रेसिडेंट कर्नल फेअर हे रोज सकाळी पपनसाच्या रसाचे सरबत घेत. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी दोनतीन घोट घेताच त्यांना मळमळू लागले, म्हणून त्यांनी उरलेले सरबत खिडकीबाहेर फेकून दिले. पेल्याच्या तळाशी मात्र थोडा गाळ राहिला. परीक्षणात त्या गाळात सोमल व हिऱ्याची पूड असल्याचे सांगण्यात आले. संशय महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर गेला. १८७५ च्या प्रारंभी चौकशीसाठी सहा जणांचे मंडळ नेमण्यात आले. त्यात तिघे युरोपीय, तर ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव हे तिघे भारतीय होते. मल्हाररावांच्या बचावासाठी इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले.

या चौकशीचे राजकीय परिणाम सर्वश्रुत आहेत. मंडळात तीन विरुद्ध तीन अशी फूट पडली. युरोपीय सदस्यांनी महाराजांना दोषी मानले. भारतीय सदस्यांना आरोप सिद्ध झाल्याचे मान्य नव्हते. तरीही एप्रिल १८७५ मध्ये मुख्यतः कारभारातील गैरव्यवस्थेचे कारण पुढे करून मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले व मद्रासला पाठविण्यात आले. तेथेच १८८२ साली त्यांचे निधन झाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट निराळी आहे. एवढ्या मोठ्या राज्याच्या भवितव्याचा खटला मुख्यतः रेसिडेन्सीतील नोकरांच्या साक्षींवर उभा होता. हवालदार रावजी, जमादार नरसू यांच्यासारखी माणसे, जी एरवी मालकाच्या खोलीत आली-गेली तरी कोणाच्या ध्यानी येऊ नयेत, तीच एकाएकी इतिहासाच्या मध्यभागी आली. रावजी माफीचा साक्षीदार झाला. बॅलंटाइन यांच्या उलटतपासणीचा सारा रोख या साक्षी विश्वसनीय नाहीत हे दाखविण्यावर होता. पेला आणणाऱ्या हातापर्यंत चौकशी गेली; त्या हातामागे कोणाचा हात होता, याविषयी मंडळाचे एकमत होऊ शकले नाही. सोमलाचा थर काचेवर दाखविणारे शास्त्र तोवर सिद्ध झाले होते. भ्यालेल्या नोकराचे बोलणे खरे की खोटे हे दाखविणारे शास्त्र मात्र सुश्रुताच्या काळाहून फारसे पुढे गेले नव्हते.

५

याच सुमारास युरोपातील मोठ्या नगरांत जेवणाची एक नवी पद्धत रूढ झाली होती. ‘रेस्तराँ’ हा शब्द मुळात स्थळाचा नसून पदार्थाचा वाचक होता. अशक्त माणसास तरतरी आणणारा मांसरस असा त्याचा अर्थ. पॅरिसमध्ये १७६० नंतरच्या दशकात असा रस विकणारी दुकाने निघाली. बूलांजे नावाच्या विक्रेत्याची जी कथा पुष्कळ वर्षे सांगितली गेली, तिला समकालीन आधार नाही, असे रेबेका स्पँग या विदुषीने २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे. १७६६ च्या सुमारास असे दुकान काढणारा मातुरँ रोझ द शांत्वाझो हाच आद्य प्रवर्तक होय, असे तिचे प्रतिपादन आहे.

जुन्या धर्मशाळेत किंवा खाणावळीत सर्वांसाठी ठराविक वेळी एकच अन्न एका पंक्तीत वाढले जाई. तेथे विष घालणारा सर्वांनाच मारील, एकट्याला नव्हे. नव्या उपाहारगृहात प्रत्येकाचे मेज निराळे, वेळ ज्याची त्याची, पदार्थ यादीतून निवडलेला आणि हिशेबही स्वतंत्र. म्हणजे एका विशिष्ट माणसासाठी एक विशिष्ट ताट पाकगृहातून निघते व सर्वांच्या देखत त्याच्यापुढे येते. खूनकथेला लागणारी यंत्रणा या व्यवस्थेत आपोआप तयार झालेली होती. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एस्कॉफिये याच्यासारख्या प्रधान आचाऱ्यांनी पाकगृहाची विभागवार मांडणी रूढ केली. रस्सा एकाकडे, भाजणे दुसऱ्याकडे, मासळी तिसऱ्याकडे, अशी कामे वाटली गेल्याने एक ताट अनेक हातांतून जाऊ लागले. घरच्या स्वयंपाकिणीप्रमाणे येथे एकाच व्यक्तीवर बोट ठेवता येत नाही. जॉर्ज ऑर्वेल याने पॅरिसमधील हॉटेलात भांडी घासण्याचे काम केले होते. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या अनुभवग्रंथात, दिवाणखान्याच्या दारातून आत पाऊल टाकताच वाढप्याची सारी मुद्रा कशी पालटते, याचे त्याने केलेले वर्णन या दोन जगांतील भिंत स्पष्ट करते.

ही भिंत केवळ कल्पनेतील नव्हती, हे शिकागो येथील दोन घटनांवरून दिसून येईल. १० फेब्रुवारी १९१६ रोजी तेथील युनिव्हर्सिटी क्लबमध्ये नवनियुक्त आर्चबिशप मंडलाइन यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. सूप प्यायल्यानंतर शंभराच्या आसपास पाहुणे आजारी पडले. सुपात सोमल होता. ज्याँ क्रोन्स या नावाने पाकगृहात नोकरी करणारा एक अराज्यवादी बेपत्ता झाला होता. पोलिसांना तो कधीच सापडला नाही. सुदैवाने कोणी दगावले नाही. पुढे जून १९१८ मध्ये त्याच नगरात शंभराहून अधिक वाढप्यांना ताब्यात घेण्यात आले. बक्षिसी न देणाऱ्या गिऱ्हाइकांच्या अन्नात ते एक पूड टाकीत, असा आरोप होता. त्या पुडीत वांतिकारक अँटिमनीचा क्षार आढळला. येथे संशय निराधार नव्हता, हे मान्य केले पाहिजे. सेवक नेहमीच निरपराध असतो असे इतिहास सांगत नाही. ज्याची मजुरी गिऱ्हाइकाच्या लहरीवर सोडलेली असते, त्याच्या मनात काय साचते, एवढे या दुसऱ्या घटनेवरून कळते.

६

आता कथावाङ्मयाकडे वळू. उपाहारगृहाच्या रचनेतील मर्म प्रथम ओळखले ते चेस्टरटन याने. १९११ साली संग्रहरूपाने प्रसिद्ध झालेल्या फादर ब्राउनच्या कथांत ‘द क्विअर फीट’ ही एक कथा आहे. एका अतिखाजगी हॉटेलात धनिकांच्या मंडळाचे वार्षिक भोजन चालू असते. शेजारच्या खोलीत लिहीत बसलेल्या धर्मगुरूला बाहेरच्या मार्गिकेत एकाच माणसाची पावले दोन प्रकारची ऐकू येतात. कधी वाढप्यासारखी लगबगीची, कधी सद्गृहस्थासारखी संथ. चोराचा काळा पोशाख दोन्ही वर्गांत चालण्यासारखा असतो. धनिकांपुढे तो वाढपी होतो, वाढप्यांपुढे धनिक. आणि दोन्ही बाजूंपैकी कोणीही त्याच्या तोंडाकडे पाहत नाही. या कथेत गुन्हा चोरीचा आहे, खुनाचा नाही. परंतु पुढील तीस-पस्तीस वर्षांतील उपाहारगृहीय खूनकथेचे बीज तिच्यात पडलेले आहे.

हे बीज अगाथा ख्रिस्ती हिने वाढविले. पहिल्या महायुद्धात टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषधालयात काम केल्यामुळे विषांचे तिचे ज्ञान पुस्तकी नव्हते. १९३७ सालच्या ‘यलो आयरिस’ या कथेत दिवे मंदावले असता यजमान स्वतःच वाढप्याच्या आविर्भावात मेजाभोवती फिरून एका पेल्यात सायनाइड टाकतो. हीच कल्पना विस्ताराने १९४५ च्या ‘स्पार्कलिंग सायनाइड’ या कादंबरीत येते. लंडनमधील लक्झेंबर्ग नावाच्या काल्पनिक उपाहारगृहात वाढदिवसाच्या भोजनाच्या वेळी एक तरुणी मरण पावते व वर्षभराने त्याच मेजावर तिचा पती मरतो. त्या दुसऱ्या प्रसंगी वाढप्याचा वेष घेतलेल्या माणसाने पेल्यात विष टाकलेले असते. पण ते पतीसाठी नसतेच. खाली पडलेली हातपिशवी एका खऱ्या वाढप्याने उचलून चुकीच्या जागी ठेवलेली असते. नाचून परत आलेली मंडळी त्या पिशवीच्या अनुरोधाने एकेक जागा सरकून बसतात, आणि विषाचा पेला भलत्याच माणसापुढे जातो. म्हणजे एका वाढप्याकडे कोणी पाहिले नाही म्हणून खून शक्य झाला, आणि दुसऱ्याकडेही कोणी पाहिले नाही म्हणून तो चुकला.

याच लेखिकेच्या १९४० सालच्या ‘फोर अँड ट्वेंटी ब्लॅकबर्ड्‌स’ या कथेत बाजू उलटते. ठराविक वारी येणारा एक वृद्ध गिऱ्हाईक एके दिवशी स्वतःला कधीच न आवडलेले पदार्थ मागवतो. ही विसंगती लक्षात राहते ती वाढणाऱ्या मुलीच्या. आणि पुढे तिच्या या सहज बोलण्यावरून प्वारोला उमगते की, त्या दिवशी आलेला मनुष्य तो वृद्ध नव्हताच. खुन्याने वेष, दाढी, वेळ सर्व काही साधले. पण आपल्या आवडीनिवडी रोज वाढणाऱ्या बाईला ठाऊक असतात, हे त्याच्या मनात आले नाही. जेवणारा वाढणाऱ्याकडे पाहत नाही. वाढणारा मात्र जेवणाऱ्याकडे पाहत असतो.

या शाखेतील सर्वांत विचारप्रवर्तक ग्रंथ अमेरिकन लेखक रेक्स स्टाउट याचा ‘टू मेनी कुक्स’ हा होय. तो १९३८ साली प्रसिद्ध झाला. वेस्ट व्हर्जिनियातील एका आरोग्यस्थानी जगातील पंधरा श्रेष्ठ पाकनिपुणांच्या मंडळाचा मेळावा भरलेला असतो. एक वसंतकालीन सॉस नऊ प्रकारे केलेला असतो. प्रत्येकातून एकेक घटक वगळलेला असतो व कोणता वगळला हे चाखून ओळखावयाचे असते. ही परीक्षा चालू असताना न्यूयॉर्कमधील हॉटेल चर्चिलचा प्रमुख आचारी लॅझिओ याचा सुरीने खून होतो. घटनेच्या सुमारास तेथील सेवकांच्या गणवेषातील एक कृष्णवर्णीय मनुष्य दिसलेला असतो. स्थानिक अधिकारी कृष्णवर्णीय सेवकांना धाकदपटशाने विचारतात आणि त्यांना काहीच मिळत नाही. नीरो वुल्फ त्या सर्वांना आपल्या खोलीत बोलावून, बसवून, बरोबरीच्या नात्याने बोलतो. तेव्हा त्यांच्यातील पॉल व्हिपल हा विद्यार्थी बोलण्यास पुढे येतो, आणि गणवेषातील त्या माणसाचे काळेपण रंगाचे सोंग होते हे उघड होते. खुनी निघतो तो हॉटेल चर्चिलचा गोरा व्यवस्थापक. वर्णभेद कायद्याने चालू असलेल्या प्रदेशात, १९३८ साली, एका लोकप्रिय कादंबरीत सेवकाची साक्ष मिळविण्याची अट त्याला मान देणे ही ठरावी, ही लहान गोष्ट नव्हे. पुढे १९६४ च्या ‘अ राइट टू डाय’ मध्ये हाच व्हिपल वुल्फकडे मदत मागण्यास येतो.

या कथांतील साम्य आता सांगण्यास हरकत नाही. चेस्टरटन, ख्रिस्ती व स्टाउट या तिघांच्याही कथांत गुन्हेगार खरा वाढपी नसतो. वाढप्याच्या वेषातला किंवा त्याच्या आविर्भावातला परका मनुष्य असतो. इतिहासात संशय वरून खाली उतरला होता; कथेत तो खालून वर चढतो.

७

दुसऱ्या महायुद्धानंतर या शाखेचे स्वरूप पालटले. स्टॅन्ली एलिन याच्या १९४८ सालच्या ‘द स्पेशॅल्टी ऑफ द हाउस’ या कथेत स्बिरो नावाच्या मालकाचे एक उपाहारगृह आहे. तेथे एक अपूर्व मांसपदार्थ क्वचितच मिळतो आणि पाकगृहात कोणाला प्रवेश नाही. शेवटी एका निष्ठावंत गिऱ्हाइकास आत येण्याचे निमंत्रण मिळते. पुढे काय होणार हे लेखक सांगत नाही व सांगण्याची आवश्यकताही राहत नाही. येथे शोध नाही, न्याय नाही. भिंतीपलीकडे पाहण्याची इच्छा हीच शिक्षा आहे.

१९७६ साली नॅन व आयव्हन लायन्स या दांपत्याने युरोपातील श्रेष्ठ आचाऱ्यांच्या हत्यांवर एक विनोदी कादंबरी लिहिली. तीत प्रत्येक आचारी आपल्याच प्रसिद्ध पदार्थाच्या कृतीने मारला जातो. १९७८ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. आचारी आता नामांकित झाला होता. म्हणून तो संशयिताच्या जागेवरून बळीच्या जागेवर गेला. १९८२ साली व्हर्जिनिया रिच हिने पाककृतींसह रहस्यकथा लिहिण्याचा प्रघात पाडला आणि भय व स्वयंपाकाची हौस एकाच पुस्तकात सुखाने नांदू लागली. या प्रवाहाविरुद्ध उभी राहते ती अँथनी बोर्डेन याची १९९५ ची ‘बोन इन द थ्रोट’ ही कादंबरी. लेखक स्वतः न्यूयॉर्कमध्ये व्यवसायाने आचारी होता. त्याच्या कथेत खून उपाहारगृहाच्या पाकगृहातच होतो आणि त्याचा साक्षीदार तेथील उपप्रमुख आचारी असतो. गुंड नातेवाईक आणि सरकारी तपासयंत्रणा या दोघांच्या कात्रीत तो सापडतो. आठ दशकांपूर्वी चेस्टरटनने दाराबाहेरून ऐकलेली पावले येथे प्रथमच दाराच्या आतून, त्याच धंद्यातील माणसाने ऐकविली. बडोद्याच्या रावजीला जी भाषा मिळाली नव्हती, ती या साक्षीदाराला मिळाली.

८

भारतातील परिस्थितीचा एक विशेष नमूद करून हे विवेचन आवरते घेतो. परक्या हातच्या अन्नाचे भय आपल्या समाजात फार मोठे होते. पण ते प्रामुख्याने विषाचे नव्हते, विटाळाचे होते. कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, या प्रश्नाने पंक्ती ठरल्या, पाणवठे ठरले, हॉटेलांतील कपबशा निराळ्या झाल्या. युरोपात वाढपी दृष्टीआड झाला. आपल्याकडे वाढणाऱ्याची जात डोळ्यांत तेल घालून पाहिली गेली. माणूस मात्र दोन्हीकडे दिसला नाही. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या संविधानाने पंधराव्या अनुच्छेदात दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांत प्रवेश करताना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून अटकाव करण्यास मनाई केली. उपाहारगृहाचा उल्लेख राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांत यावा, यावरून परक्या मेजावर बसून जेवणे ही आपल्याकडे किती गंभीर गोष्ट होती हे कळते.

उपाहारगृहातील खूनकथा हे थोर वाङ्मय आहे असा या लेखाचा दावा नाही. तिच्यातील बहुतेक पुस्तके एका बैठकीत वाचून बाजूस ठेवावी अशीच आहेत. परंतु तिच्या उत्तम लेखकांनी वाचकाला एक सवय लावली. मेजावर पेला ठेवणारा हात कोणाचा आहे, हे मान वर करून पाहण्याची ती सवय होय. त्या हाताचा धनी घाबरलेला दिसला म्हणून तो अपराधी ठरत नाही. आणि त्याला काय ठाऊक आहे हे कळावयाचे तर त्याला आधी बसावयास सांगितले पाहिजे. सुश्रुताने महानसाच्या दाराशी उभे राहून हेच सांगितले होते. चॅन्सरी लेनच्या स्वयंपाकघरातील मुलीच्या बाबतीत ते कोणी ऐकले असते, तर तिच्यावर झालेला अन्याय टळला असता.